जुन्या मियाटाचा अधूनमधून लागणारा 'चेक इंजिन' दिवा

डॅशबोर्डवरचा 'चेक इंजिन' दिवा कायम पेटलेला असेल तर तसा सोपा. दोष जागेवर बसलेला असतो, मीटर लावला की हाती लागतो. खरा छळ करतो तो अधूनमधून लागणारा दिवा. हायवेवर अर्धा तास गाडी पळाली की तो पेटतो आणि गॅरेजच्या दारात पोचेपर्यंत विझलेला असतो. मेकॅनिकला काहीच दिसत नाही. मग अंदाजाने एखादा सेन्सर बदलला जातो आणि पंधरा दिवसांनी दिवा परत हजर होतो. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी.

हे लिखाण माझदाच्या पहिल्या पिढीच्या एमएक्स-५ बद्दल आहे. अमेरिकेत हिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि ही पिढी १९९७ पर्यंत चालली. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाच्या बस आणि टेम्पोच आठवतात, पण अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसाला ही दोन सीटची, मागच्या चाकांना जोर देणारी हलकी गाडी सेकंडहँड बाजारात सहज भेटते. मुख्य भर १.६ लिटर इंजिनाच्या अमेरिकन गाड्यांवर, म्हणजे १९९० ते १९९३ च्या मॉडेलांवर आहे. १९९४ पासून इंजिन १.८ लिटरचं झालं, हवा मोजायचा भाग बदलला, आणि १९९६-९७ च्या गाड्यांना डॅशबोर्डखाली ओबीडी-२ (दोष वाचायचं ठरावीक पद्धतीचं) सॉकेट आलं. त्या दोन वर्षांच्या गाड्यांना बाजारातला साधा स्कॅनर चालतो. त्याआधीच्या गाड्यांना चालत नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

एक मत आधीच ठामपणे मांडतो. तीस वर्षांच्या गाडीत दिवा अधूनमधून लागत असेल, तर सेन्सर हा शेवटचा संशयित धरावा. आधी पिन, वायर, अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) आणि सप्लाय. मेलेला सेन्सर बहुतेक वेळा मेलेलाच राहतो. तो आज जिवंत, उद्या मेलेला असं करत नाही. तसं करतं ते लूज कनेक्शन. उष्णतेने बिघडणारे एक-दोन भाग याला अपवाद आहेत, ते पुढे येतील. दोष प्रत्यक्ष घडताना पकडल्याशिवाय एक डॉलरचाही पार्ट घेऊ नका.

आधी दिवा कोणता आहे ते नीट बघा. लाल 'ब्रेक' दिवा हँडब्रेक आणि ब्रेक ऑइलची पातळी, दोन्हींसाठी एकच आहे. तो फक्त वळणावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर चमकत असेल, तर ऑइल खाली गेलंय आणि टाकीतला तरंगता स्विच हेलकाव्याने बुडतोय. नुसतं ऑइल ओतून दिवा घालवू नका. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि ऑइलची पातळी आपोआप उतरते, म्हणून आधी पॅडची जाडी बघा, मग गळती. बॅटरीचा दिवा असेल तर इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १४ ते १४.७ व्होल्ट मिळतात का ते बघा आणि बेल्टचा ताण तपासा. एअरबॅगचा दिवा असेल तर त्या सर्किटला मल्टिमीटर लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर अजिबातच नाही. मीटरच्या बारीक करंटनेही एअरबॅग उडण्याचा धोका असतो. ते काम मॅन्युअल हाताशी असलेल्या माणसाकडे द्या.

एकाच वेळी दोन-तीन दिवे लुकलुकले, सोबत रेडिओ बंद होऊन चालू झाला किंवा काटे थरथरले, तर कोडच्या, म्हणजे गाडीने नोंदवलेल्या दोषाच्या आकड्याच्या, मागे लागू नका. हा सप्लायचा दोष आहे आणि या गाडीत पहिला संशय इग्निशन स्विचवर. जड किल्ल्यांचा जुडगा वर्षानुवर्षं लटकत राहिला की आतले काँटॅक्ट झिजतात, काळे पडतात. गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून किल्ली अलगद डावी-उजवीकडे हलवा. दिवे चमकले किंवा इंजिन अडखळलं तर दोष सापडला. लॉक बदलायची गरज नसते. लॉकच्या मागे बसणारा विजेचा भाग वेगळा मिळतो.

आता नुसता 'चेक इंजिन' उरला. किल्ली 'ऑन'वर केली, इंजिन अजून चालू केलेलं नाही, अशा वेळी हा दिवा पेटलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर विझला पाहिजे. 'ऑन'वर पेटतच नसेल तर बल्ब उडालाय, किंवा आधीच्या मालकाने काढून टाकलाय. हे दुसरं आपल्याला वाटतं त्याहून जास्त घडतं. बल्बच नसेल तर पुढचं काही करता येणार नाही, आणि कॅलिफोर्नियात असाल तर स्मॉग तपासणीत गाडी तिथेच अडकेल.

कोड वाचायच्या आधी एक सक्त सूचना. बॅटरीचं टर्मिनल काढू नका. दिवा विझला तरी कोड कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये, साठलेला राहतो आणि बॅटरी काढली की पुसला जातो. अधूनमधून लागणाऱ्या दिव्याचा तो एकमेव साक्षीदार असतो. "एकदा रिसेट करून बघू" असं कुणी म्हटलं तर आधी वाचा, कागदावर लिहा, मग काय ते.

बॉनेटखाली ड्रायव्हरच्या बाजूला झाकणावर 'डायग्नोसिस' असं छापलेली एक छोटी काळी पेटी आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला पिनांची नावं असतात. इंजिन बंद असताना 'टीईएन' आणि 'जीएनडी' या दोन पिना वायरच्या छोट्या तुकड्याने जोडा. पेपरक्लिप वापरणारे खूप आहेत, पण ती ढिली बसते आणि शेजारच्या पिनेला टेकू शकते. त्यापेक्षा दोन्ही टोकांना मेल (भोकात शिरणाऱ्या) पिना दाबून बसवलेली वायर करून ठेवा, आयुष्यभर पुरते. किल्ली 'ऑन' करा, इंजिन सुरू करू नका. दिवा लुकलुकायला लागेल. लांब लुकलुक सुमारे १.२ सेकंदांची, ती दशकाची. आखूड लुकलुक ०.४ सेकंदाची, ती एककाची. एक लांब आणि पाच आखूड म्हणजे १५. नुसत्या नऊ आखूड म्हणजे ०९. एकाहून जास्त कोड असतील तर मध्ये साधारण चार सेकंदांची विश्रांती येते आणि शेवटी सगळी मालिका परत सुरू होते. मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि नंतर शांतपणे मोजा. डोळ्यांनी मोजताना शेवटची लुकलुक हमखास चुकते.

युरोप आणि ब्रिटनच्या सुरुवातीच्या गाड्यांना हा दिवाच दिलेला नव्हता. तिथे 'एफईएन' आणि 'बी प्लस' या पिनांमध्ये रेझिस्टर जोडलेला एलईडी लावून तेच कोड वाचता येतात.

नेहमी भेटणारे कोड हे: ०२ आणि ०३ हे क्रँक अँगल सेन्सरचे (इंजिन किती फिरलं ते सांगणाऱ्या भागाचे) दोन सिग्नल, ०८ हवा मोजणारा एअरफ्लो मीटर, ०९ कूलंटचं तापमान, १० आत येणाऱ्या हवेचं तापमान, १५ आणि १७ ऑक्सिजन सेन्सर, २६ पेट्रोलच्या वाफेचा पर्ज सोलेनॉइड, ३४ आयडलिंगचा व्हॉल्व्ह.

कोड सर्किटचं नाव सांगतो, पार्टचं नाही. ०९ आला म्हणजे कंट्रोल युनिटच्या पिनेवर कूलंट सेन्सरचा व्होल्टेज मर्यादेबाहेर गेला, एवढंच. तो सेन्सरने गेला, कनेक्टरने गेला, की मधली वायर ब्रॅकेटला घासून गेला, हे कोडला कळत नाही. शिवाय या काळातल्या गाड्या दिवा लागला त्या क्षणीचा वेग किंवा तापमान साठवत नाहीत. ते काम तुम्हालाच करावं लागतं. गाडीत वही ठेवा. दिवा लागला की इंजिन थंड होतं की गरम, किती आरपीएमला, चढावर की उतारावर, पाऊस होता का, खड्डा लागला का, हेडलाइट आणि ब्लोअर चालू होता का, आणि टॅकोमीटरचा (आरपीएम दाखवणारा) काटा काय करत होता, हे सगळं लिहा. चार-पाच नोंदी झाल्या की त्यांतला सारखेपणा स्वतःहून दिसतो. खड्ड्यावर लागणारा दिवा वायर आणि पिनांकडे बोट दाखवतो, पावसात लागणारा पाण्याकडे, अर्ध्या तासाने लागणारा उष्णतेकडे, सगळे दिवे-पंखे चालू केल्यावर लागणारा अर्थकडे.

कोड १५ वर थोडा जास्त वेळ देतो, कारण १.६ मध्ये तो सगळ्यात जास्त लोकांना छळतो आणि सगळ्यात जास्त चुकीचे सेन्सर त्याच्यामुळे विकले जातात.

या इंजिनाच्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर एकाच वायरचा ऑक्सिजन सेन्सर आहे. त्याला आत हीटर नाही. तो फक्त धुराच्या उष्णतेवर तापतो आणि तापल्यावरच काम करतो. गरम असताना मिश्रणात पेट्रोल जास्त असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास जातो, हवा जास्त असेल तर ०.१ च्या जवळ येतो, आणि तब्येतीने बरा असेल तर २५०० आरपीएमला या दोन टोकांमध्ये सतत, दर एक-दोन सेकंदाला एकदा तरी, हेलकावत राहतो. व्होल्टेज बराच काळ खालीच राहिला तर कंट्रोल युनिट सेन्सर निकामी समजतं आणि १५ नोंदवतं. आता व्होल्टेज खाली राहण्याची कारणं बघा.

पहिलं, मिसिंग. एका सिलिंडरचा प्लग ठिणगी देत नसेल तर त्यातलं पेट्रोल जळत नाही, पण त्याबरोबरचा सगळा ऑक्सिजन धुरातून बाहेर पडतो. सेन्सर तो ऑक्सिजनच बघतो आणि "हवा जास्त" असं प्रामाणिकपणे सांगतो. सेन्सर ठणठणीत, दोष प्लगच्या वायरचा. या इंजिनाच्या प्लग वायर लवकर थकतात, ही या गाडीची जगजाहीर खोड आहे. चढावर चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमला पूर्ण रेस दिली की हलके धक्के बसतात, ही त्याची पहिली खूण. अंधारात बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून, फवाऱ्याच्या बाटलीने वायरांवर पाण्याचा अगदी बारीक शिडकावा करा. हात लांब, फिरणाऱ्या पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर. निळ्या ठिणग्या वायरवर नाचताना दिसल्या तर सेट बदला. मीटरने मोजायचं असेल तर वायरच्या दर मीटरमागे साधारण १६ किलोओम हे कंपनीचं माप आहे, पण मोजमापात पास झालेली वायरही दमट हवेत ठिणगी गळू देते, म्हणून पाण्याची परीक्षा जास्त विश्वासाची.

वायर काढल्याच आहेत तर प्लगच्या विहिरीत डोकावा. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून तेल उतरलेलं असेल तर वायरची रबरी टोपी त्यात भिजून फुगते आणि ठिणगी प्लगच्या बाहेरून पळते. गॅस्केट न बदलता नवीन वायर टाकणं म्हणजे पैसे तेलात बुडवणं. प्लग बीकेआर६ई-११ जातीचे, गॅप १.० ते १.१ मि.मी. कॉइल दोन आहेत, एक १ आणि ४ साठी, दुसरी २ आणि ३ साठी. म्हणून जोडीने दोन सिलिंडर गेले तर वायरऐवजी कॉइलकडे किंवा तिच्या कनेक्टरकडे बघा.

दुसरं कारण, मोजणीतून निसटलेली हवा. १.६ मध्ये हवा एका झडपेच्या एअरफ्लो मीटरमधून मोजली जाते आणि मग इंजिनाच्या पुढून आडव्या जाणाऱ्या नळीतून थ्रॉटलपर्यंत, म्हणजे रेस दिल्यावर उघडणाऱ्या हवेच्या झडपेपर्यंत, पोचते. मीटर आणि थ्रॉटलच्या मध्ये कुठेही भेग असली तर तिथून घुसणारी हवा कुणी मोजलेली नसते. या नळीच्या रबरी बूटच्या (लवचिक तुकड्याच्या) वळ्यांमध्ये खालच्या बाजूने भेग पडते, वरून दिसत नाही. आयडलिंगला ती मिटलेली असते. रेस दिल्यावर इंजिन आपल्या माउंटिंगवर कलतं, बूट ताणला जातो आणि भेग उघडते. दिवा अधूनमधून लागण्याचं याहून चोख कारण सापडणार नाही. बूट काढून हाताने उलटा वाकवून उजेडात बघा, जागेवर ठेवून वरवर बघितल्याचा उपयोग नाही. क्लिपा आवळा, क्रँककेसची हवा ओढणारी नळी तपासा, ऑइल भरायचं झाकण आणि डिपस्टिक घट्ट बसतात का बघा. या इंजिनात चालू असताना ऑइलचं झाकण उघडलं की आयडलिंग लगेच बिघडलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच दुसरीकडून येतेय.

तिसरं, एक्झॉस्टची गळती. मॅनिफोल्डच्या गॅस्केटजवळ काळी काजळी दिसते, थंड इंजिनावर टकटक ऐकू येते आणि गरम झाल्यावर धातू फुगून ती बंद होते. धुराच्या दोन ठोक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सरला ती दिसते.

चौथं, अर्थ. एका वायरच्या सेन्सरला स्वतःची अर्थ वायर नसते. त्याचा परतीचा रस्ता आट्यांमधून मॅनिफोल्ड, तिथून हेड, तिथून इंजिनाची अर्थ पट्टी असा आहे. गंजलेले आटे किंवा सैल पट्टी असली तर सिग्नल डळमळतो.

आणि पाचवं, सेन्सर थंड पडणं. थंडीत लांब उतारावर किंवा बराच वेळ आयडलिंगला उभं राहिल्यावर दिवा लागत असेल आणि रेस दिल्यावर विझत असेल, तर सेन्सर म्हातारा झालाय. तापायला त्याला आता जास्त उष्णता लागते. तेव्हा मात्र तो बदलायलाच हवा. २२ मि.मी.चा खाच असलेला सॉकेट, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल, आणि काढताना मॅनिफोल्ड कोमट ठेवा. नवीन सेन्सर ३० ते ४९ न्यूटन-मीटर आवळायचा. आट्यांना लावलेला लेप पुसू नका आणि टोकावर तेलाचा बोट लागू देऊ नका. जवळपास साधं सिलिकॉन सीलंट वापरलं तर त्याची वाफ सेन्सर मारून टाकते.

सेन्सर मोजताना डिजिटल मीटरच वापरा. टेस्ट लॅम्प किंवा १२ व्होल्ट त्या वायरला लागला की सेन्सर संपला. इंजिन पूर्ण गरम करून २५०० वर धरा, एकदा झटकन रेस द्या आणि सोडा. रेसला ०.८ च्या वर आणि सोडल्यावर ०.२ च्या खाली पटकन गेला, तर सेन्सर चांगला आहे. वरची चार कारणं परत तपासा.

कोड ०९ चा कूलंट सेन्सर दोन वायरचा, हेडच्या मागच्या टोकाला कॉइलजवळ, हात जेमतेम शिरेल अशा जागी आहे. काट्यासाठीचा एका वायरचा सेन्सर वेगळा, त्यांची गल्लत करू नका. काटा बरोबर चालतोय म्हणून हा सेन्सर चांगला असं होत नाही. २० अंशांना २.२ ते २.७ किलोओम आणि ८० अंशांना ०.२९ ते ०.३५ किलोओम हे माप आहे. पण मापात बसला तरी गोष्ट तिथे संपत नाही, कारण त्या कोपऱ्यातल्या उष्णतेने कनेक्टरचं प्लास्टिक बिस्किटासारखं ठिसूळ झालेलं असतं आणि लॉकची जीभ तुटलेली असते. कनेक्टर बसल्यासारखा दिसतो, पण धरून ठेवायला काही नसतं. मीटरवर 'मिन-मॅक्स' नोंद चालू करा, सिग्नलच्या वायरवर मागून बारीक पिन घालून मीटर जोडा आणि वायर केबिनपर्यंत आणा. गरम इंजिनावर साधारण अर्धा व्होल्ट दिसतो. गाडी चालवून आल्यावर कमाल आकडा ५ व्होल्ट दाखवत असेल, तर मध्ये कुठेतरी सर्किट तुटलं होतं, मग ते क्षणभर का असेना. वायरचं आवरण टोचून मोजायची सवय सोडा. त्या भोकातून पाणी शिरतं आणि दोन वर्षांनी नवीन दोष तयार होतो.

०२ किंवा ०३ आला आणि त्याच वेळी इंजिन बंद पडलं किंवा अडखळलं, तर क्रँक अँगल सेन्सर. हा हेडच्या मागे, फायरवॉलच्या बाजूला बसतो. त्याचा रबरी ओ-रिंग कडक होऊन तेल गळणं ही दुसरी जगजाहीर खोड. गळकं तेल कनेक्टरवरही जातं. उष्णतेने बिघडणारे भाग असतात असं वर म्हटलं, त्यांत हा आणि ठिणगी चालवणारा इग्नायटर येतो. गाडी गिअरमध्ये धावत असताना इंजिन मेलं तर टॅकोमीटरकडे बघा. चाकं इंजिनाला अजून फिरवतायत, तरीही काटा एकदम शून्यावर पडला, तर ठिणगीचा सिग्नल तुटलाय. काटा चाकांबरोबर हळूहळू उतरला तर ठिणगी आहे, पेट्रोलकडे वळा. ही एक नजर तासाभराचं काम वाचवते. गॅरेजमध्ये हाच दोष उभा करायचा तर हेअर ड्रायरने सेन्सरचं डोकं तापवा, इंजिन मेल्यावर थंड करणारा स्प्रे मारा, आणि लगेच सुरू होतं का बघा.

सेन्सर काढण्याआधी हेड आणि सेन्सर दोन्हींवर मिळून एक रेघ ओढा. १२ मि.मी.चा एकच बोल्ट आहे. मागची पकड मध्याच्या जरा बाजूला असल्यामुळे तो एकाच प्रकारे बसतो, जोर लावून बसवू नका. परत बसवल्यावर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, तपासणं भाग आहे. तेच 'टीईएन' आणि 'जीएनडी' जोडून, गरम इंजिन ८५० आरपीएमला, टायमिंग लाइटने १० अंश. जोडणी विसरलात तर कंट्रोल युनिट स्वतः टायमिंग हलवत राहतं आणि तुम्ही हलत्या खुणेला सेट करत बसता.

अर्थ मोजायची पद्धत मात्र बहुतेक जण चुकीची वापरतात. ओमवर ठेवलेला मीटर अर्थ तपासायला निरुपयोगी आहे. दहा तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी तो शून्य ओम दाखवतो, आणि करंट वाहायला लागला की तीच एक तार दम सोडते. म्हणून करंट वाहत असताना व्होल्टेज मोजायचा. या गाडीची बॅटरी डिक्कीत आहे, तेव्हा चार-पाच मीटरची जाड वायर लागेल. तिचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे क्लॅम्पवर नाही तर शिशाच्या खांबावरच. दुसरं मीटरला, आणि मीटरचा दुसरा प्रोब इंजिनाच्या स्वच्छ धातूवर. इंजिन चालू, हेडलाइट चालू, ब्लोअर पूर्ण. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. ०.३ किंवा ०.५ दिसला तर प्रोब एकेक टप्पा मागे आणा. आधी क्लॅम्प, मग डिक्कीतला बॉडीचा बोल्ट, मग पुढची बॉडी, मग इंजिनाची पट्टी. आकडा ज्या टप्प्यावर उडी घेतो तिथे दोष. तो बोल्ट काढा, पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासा, बसवा, वरून ग्रीसचा हात फिरवा. नंतर कंट्रोल युनिटच्या अर्थ पिनांवर हेच मोजमाप करा. तिथे आकडा आणखी लहान हवा, कारण तिथला दहावा हिस्सा व्होल्ट म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या पूर्ण मर्यादेचा मोठा तुकडा.

पावसात लागणाऱ्या दिव्याचा शोध या गाडीत टपापासून सुरू होतो. कापडी टपाच्या मागच्या कडेला पाणी गोळा करणारी पन्हळ आहे आणि सीटच्या मागे दोन्ही बाजूंना ते खाली नेणाऱ्या नळ्या आहेत. पानं-माती अडकून त्या तुंबल्या की पाणी केबिनमध्ये शिरतं आणि उंबऱ्याच्या पोकळीत साचून पत्राही कुजतो. अमेरिकन १.६ चं कंट्रोल युनिट प्रवाशाच्या पायाखाली, कार्पेटच्या आत लोखंडी पत्र्याखाली आहे. कार्पेट दाबल्यावर हात ओला झाला तर आधी कार्पेट वाळवा, बॅटरी काढून पत्रा उघडा आणि कनेक्टरमध्ये हिरवट गंज शोधा. काँटॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रश वापरा. नळ्या मोकळ्या करताना टणक तार घालू नका, नळी सांध्यातून निसटते. प्लास्टिकची लवचिक दोरी किंवा थोडं कोमट पाणी पुरतं.

कनेक्टर उघडलाच आहे तर पिना नुसत्या बघू नका. त्याच मापाची एक सुटी मेल पिन प्रत्येक भोकात घालून ओढून बघा. घट्ट ओढ लागली पाहिजे. आधीच्या कुणी जाड प्रोब खुपसून भोकं रुंद केलेली असतात आणि तीच पिन खड्ड्यावर काँटॅक्ट सोडते. वायर इंजिनाला किंवा ब्रॅकेटला जिथे वळसा घालते तिथे बोटांनी चाचपत जा. आवरण सलग आणि आत तार तुटलेली असेल तर ती जागा दोरीसारखी लुळी पडते. तुटलेला भाग चमकदार तांबं लागेपर्यंत कापा, तेवढ्याच जाडीची वायर नीट क्रिंप करा, वर डिंकाची हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. पिळून काळी टेप गुंडाळलेला जोड इंजिनच्या उष्णतेत एक उन्हाळासुद्धा टिकत नाही. थोडी ढील ठेवा. इंजिन हलतं, वायरही हलली पाहिजे.

काम झालं की आता बॅटरीचं ऋण टर्मिनल काढायला हरकत नाही. ते काढून ब्रेकचा पेडल वीसेक सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलासुरला करंट निघून जाईल आणि कोड पुसले जातील. या गाडीला वायू बाहेर नेणाऱ्या नळ्यांची सीलबंद बॅटरी लागते. डिक्की बंद जागा आहे, त्यामुळे त्या नळ्या परत जोडल्याशिवाय झाकण लावू नका. नंतर वहीतल्या नोंदी उघडून गाडी नेमकी त्याच परिस्थितीत चालवा. चढावर लागत होता तर चढावर, पावसात लागत होता तर पावसात. सपाट रस्त्यावर दिवा लागला नाही याला अर्थ नाही. परत आल्यावर दिवा लागला नसला तरी 'टीईएन'ची वायर लावून कोड वाचा. क्षणभर लागून विझलेला दिवा तुमच्या नजरेतून सुटला असेल, पण कोड सुटत नाही.

एवढं सगळं होऊनही तोच कोड आला तरच कंट्रोल युनिटवर संशय घ्या. दुसरं लावून बघायचं असेल तर त्याच वर्षाचं, त्याच गिअरबॉक्सचं आणि लेबलवरचा नंबर जुळणारं घ्या. मॅन्युअल गाडीला ऑटोमॅटिकचं युनिट लावलं की तेच कोड नव्या कारणांनी येतात आणि शोध पहिल्यापासून सुरू होतो.